दमा : वनौषधी, प्राणायाम आणि इन्हेलर

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकालीन विकार आहे. धूळ, परागकण, धूर वा विषाणुसंसर्ग यांमुळे सुजलेल्या नलिका आकुंचन पावतात, चिकट कफ साचतो आणि रुग्णाला धाप लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता. त्या वर्षी सुमारे ४ लाख ५५ हजार रुग्ण दगावले.

वनौषधींचा या विकाराशी जुना संबंध आहे. धोतऱ्याचा धूर ओढण्याची भारतीय रीत १९व्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये पोहोचली आणि पुढे युरोपात धोतऱ्याच्या सिगारेटी औषध म्हणून विकल्या गेल्या. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीन असते. त्याच्या रचनेवरूनच इन्हेलरमधील इप्राट्रोपियम तयार झाले. अडुळशातील व्हॅसिसिनवरून कफ पातळ करणारे ब्रोम्हेक्झिन निघाले. मात्र धोतरा विषारी आहे व त्यातील अ‍ॅट्रोपीनचे प्रमाण प्रत्येक झाडागणिक बदलते. त्यामुळे घरगुती प्रयोग जिवावर बेतू शकतो.

प्राणायामाने काही रुग्णांना आराम वाटतो. परंतु त्याने नलिकांची सूज ओसरत नाही. त्यासाठी श्वासावाटे घेण्याचे स्टिरॉइडच लागते. ते फुप्फुसात थेट पोहोचत असल्याने मात्रा अल्प पुरते. इन्हेलरची ‘सवय लागते’ हा समज निराधार असूनही त्यापायी कित्येक जण बरे वाटताच औषध थांबवतात. रुग्णाला सलग वाक्य बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर काढ्यात वेळ न दवडता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.