बर्लिन जिंकले, पण घर मिळाले नाही: अ‍ॅल स्ट्युअर्टच्या गाण्यांतला इतिहास

एक सोव्हिएत सैनिक १९४१ च्या जर्मन आक्रमणातून वाचतो, चार वर्षे लढतो, बर्लिनपर्यंत पोहोचतो आणि घरी परतताना त्याला वेगळ्याच आगगाडीत बसवले जाते. ही कथा कादंबरीतली नव्हे. ती सुमारे आठ मिनिटांच्या एका गाण्याची आहे. गाणे 'रोड्स टू मॉस्को', वर्ष १९७३, गायक आणि गीतकार अ‍ॅल स्ट्युअर्ट.

स्ट्युअर्टचा जन्म सप्टेंबर १९४५ मध्ये ग्लासगोचा. वडील ब्रिटिश हवाई दलात होते. मुलगा जन्मण्यापूर्वीच, त्याच वर्षी, सरावाच्या उड्डाणात विमान कोसळून ते गेले. पुढे आईबरोबर तो दक्षिण इंग्लंडमध्ये वाढला, त्यामुळे त्याच्या गाण्यांत स्कॉटलंड फारसे सापडत नाही. युद्ध मात्र वारंवार सापडते.

साठच्या दशकाच्या मध्यास तो लंडनला आला. सोहो भागातल्या ग्रीक स्ट्रीटवर 'ले कझन्स' नावाचा तळघरातला क्लब होता. बर्ट यान्श, रॉय हार्पर अशी मंडळी तिथे गात. स्ट्युअर्ट तिथे गातही असे आणि सूत्रसंचालनही करी. काही काळ त्याच्या शेजारच्या खोलीत पॉल सायमन राहत होता. त्या पिढीचा विषय बहुधा एकच: मी, माझे प्रेम, माझी भाड्याची खोली. स्ट्युअर्टही त्याला अपवाद नव्हता. १९६७ चा त्याचा पहिला अल्बम 'बेडसिटर इमेजेस' आणि १९६९ मधले 'लव्ह क्रॉनिकल्स' हे अठरा मिनिटांचे प्रेमचरित्र ही त्याची साक्ष. या दुसऱ्या अल्बमवर जिमी पेजने गिटार वाजवली आहे. तरीही स्वतःविषयी इतके सांगून झाल्यावर गायकाकडे सांगण्यासारखे काय उरते, हा प्रश्न होताच.

त्याचे उत्तर त्याला ग्रंथालयात सापडले. १९७३ च्या 'पास्ट, प्रेझेंट अँड फ्यूचर' या अल्बममध्ये त्याने विसाव्या शतकातील दशके एकेका गाण्यात मांडण्याचा घाट घातला. त्यात ब्रिटिश आरमाराचा म्हातारा अ‍ॅडमिरल आहे, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग आहेत, हिटलरने आपल्याच सहकाऱ्यांची कत्तल आरंभिली तो जून १९३४ चा अखेरचा दिवस आहे. 'पोस्ट वर्ल्ड वॉर टू ब्लूज' या गाण्यात तर आपलाही उल्लेख येतो: हिंदुस्थान हातचा घालवल्याबद्दल चर्चिल माउंटबॅटनवर संतापलेले दिसतात. साम्राज्याचा शेवट तिथे एका थट्टेच्या ओळीत उरकला आहे. आपल्याला तो इतक्या सहज उरकता येत नाही, हा भाग वेगळा.

पण या अल्बमचा कणा म्हणजे 'रोड्स टू मॉस्को'. हा पोवाडा नव्हे. जर्मन रणगाडादलांचा सेनानी गुडेरियन इथे दिसतो तो दुरून, टेकडीवर उभा असलेला. निवेदक साधा शिपाई आहे. त्याला मोहिमेचा नकाशा ठाऊक नाही, फक्त जळती गावे, चिखल आणि बर्फ ठाऊक आहे. गाणे विजयावर संपेल अशी ऐकणाऱ्याची खात्री पटते, आणि तेवढ्यात चौकशी सुरू होते. हा शिपाई एकदा शत्रूच्या हाती सापडला होता, अवघा एक दिवस. आपले नशीब थोर म्हणून सुटलो, असे तो सरळपणे सांगतो. ऐकणारे अधिकारी कान टवकारतात. त्यानंतर ती आगगाडी.

यातले किती खरे? ऑगस्ट १९४१ मध्ये स्टालिनने काढलेल्या २७० क्रमांकाच्या आदेशानुसार शरण जाणारा अधिकारी फितूर ठरत होता, त्याच्या कुटुंबीयांना अटक होऊ शकत होती. शरण जाणाऱ्या शिपायाच्या घरची सरकारी मदत बंद होई. स्टालिनचा थोरला मुलगा याकोव्ह जुलैमध्येच पकडला गेला होता आणि त्याची पत्नीही या अटकेतून सुटली नाही. जर्मनांनी कैद केलेले सोव्हिएत सैनिक सुमारे ५७ लाख, त्यांपैकी सुमारे ३३ लाख कैदेतच मेले. जे जगले त्यांना परतल्यावर छाननी छावण्यांतून जावे लागले. सगळेच सैबेरियाला गेले असे मात्र नाही. बहुतेकांना घरी, पुन्हा सैन्यात किंवा श्रमिक तुकड्यांत धाडण्यात आले. म्हणजे गाण्यातल्या शिपायाचे नशीब शक्य कोटीतले, पण सरसकट नव्हे. संशय मात्र जवळजवळ सर्वांच्या वाट्याला आला आणि तो नोकरीत, शिक्षणात, गावात वर्षानुवर्षे चिकटून राहिला. या माजी युद्धकैद्यांचे हक्क पूर्णतः पुनर्स्थापित करणारा रशियन राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघायला जानेवारी १९९५ उजाडले. माझ्या मते गाण्याचे खरे यश आकड्यांत शोधू नये. 'एक दिवस' हा तपशील किती निरुपद्रवी वाटतो आणि तोच कसा गळ्याभोवती आवळला जातो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा ते नेमके दाखवते.

गंमत अशी, की स्ट्युअर्टला जगभर नाव मिळवून दिले ते इतिहास जवळजवळ नसलेल्या गाण्याने. 'इयर ऑफ द कॅट' (१९७६) अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच्या चालीवर आधी वेगळे शब्द होते, टोनी हॅनकॉक या दुर्दैवी इंग्रज विनोदी नटाविषयीचे. ते बाजूला पडले आणि हम्फ्री बोगार्टच्या चित्रपटासारख्या एका शहरातली प्रेमकथा आली. पण त्याच अल्बममध्ये १५९१ च्या सागरी लढाईत पडलेला ग्रेनव्हिल आहे, वैमानिक एमी जॉन्सनही आहे. 'टाइम पॅसेजेस' (१९७८) मधले 'द पॅलेस ऑफ व्हर्साय' हे फ्रेंच राज्यक्रांतीवरचे गाणे तर विल्यम बर्ड या सोळाव्या शतकातल्या रचनाकाराच्या सुरावटीवर उभे आहे.

पुढे लोकप्रियता ओसरली, वाचन ओसरले नाही. १९९५ च्या 'बिट्वीन द वॉर्स' मध्ये गिटारवादक लॉरेन्स जुबरच्या साथीने तो दोन महायुद्धांमधल्या काळाकडे वळला. त्यातल्या 'जो द जॉर्जियन' मध्ये स्टालिनच्या शुद्धीकरणात बळी गेलेला एक जुना बोल्शेविक नरकात बसून स्टालिनच्या येण्याची वाट पाहतो आहे. 'रोड्स टू मॉस्को' आधी ऐका, मग हे. दुसऱ्या गाण्यातला तो काळाकुट्ट विनोद पहिल्यानंतरच नीट उमगतो.