तीन हातांचा करार

करारनामा ही काही हौसेने वाचावी अशी वस्तू नव्हे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. तह शिकवले, सनदा शिकवल्या, त्यांतील कलमे मुलांकडून पाठ करून घेतली. परंतु ज्या कराराच्या बळावर माझ्या दारातला कचरा रोज सकाळी उचलला जातो, त्याचा इतिहास मी निवृत्तीनंतर पाहिला. आणि तोही एका ओशाळवाण्या प्रसंगामुळे.

आमच्या इमारतीत कचरा नेणाऱ्या मावशी महिन्याचे पैसे मागायला आल्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, आम्ही महापालिकेचा कर भरतोच की. मग हे पैसे कसले?" त्या रागावल्या नाहीत. "काका, कार्पोरेशन आम्हाला पगार देत न्हाई. तुम्ही देता त्योच आमचा पगार," एवढे बोलून त्यांनी बादली उचलली आणि त्या वरच्या मजल्यावर गेल्या. माझे त्या वेळी दोन महिने थकले होते.

मग मी माझ्या जुन्या सवयीप्रमाणे मुळापासून सुरुवात केली.

पुण्याची नगरपालिका 1950 साली महानगरपालिका झाली. तेव्हापासून कितीतरी वर्षे शहराची रीत एकच होती. घरोघरच्या बायकांनी कचरा कुंडीत टाकावा, पालिकेच्या झाडूवाल्यांनी रस्ते लोटावेत आणि गाडीने कुंडी उपसून न्यावी. मात्र घर आणि गाडी यांच्यामध्ये आणखी एक माणूस उभा असे, आणि पालिकेच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसे. पाठीवर पोते टाकून कुंडीतला कागद, काच, पत्रा वेचणारी आणि तो भंगारवाल्याला वजनावर विकणारी ही बाई. यांत बहुतेक दलित समाजातील स्त्रिया. 1972 च्या दुष्काळाने गाव सोडून आलेली कुटुंबेही त्यांत पुष्कळ होती. शहराचा काही भार त्या फुकट वाहत होत्या, आणि शहर त्यांना चोर समजत होते.

1990 च्या सुमारास एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी या स्त्रियांमध्ये काम सुरू केले. अक्षरे शिकवता शिकवता त्यांच्या ध्यानात आले की बायकांची पहिली गरज निराळीच आहे. कुंडीत उतरण्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला सुका कचरा मिळाला, तर श्रम वाचतील आणि मिळकत वाढेल. हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 1993 साली पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि तीतून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. 1996 साली महापालिकेने तिच्या सभासदांच्या ओळखपत्रांवर आपली मान्यता उमटवली. कार्ड एवढेसे, पण पोलिसाने हटकले तर दाखवायला हातात काहीतरी आले.

पुढे दिल्लीहून नियम आले. घनकचऱ्याविषयीच्या 2000 सालच्या नियमांनी शहरांना घरोघर जाऊन कचरा गोळा करण्यास सांगितले. आता पालिकेपुढे दोन वाटा होत्या. निविदा काढावी आणि गाड्या असलेल्या ठेकेदाराला काम द्यावे, ही मळलेली वाट. दुसरी वाट अशी की, जे लोक हे काम आधीच करीत आहेत त्यांनाच ते रीतसर सोपवावे.

निविदेत कोणाचे नाव घालून कोणाला वगळलेले नसते. तरीही अनामत रक्कम, मागील तीन वर्षांची उलाढाल, स्वतःची वाहने अशा अटी एकामागून एक घातल्या की डोक्यावर पोते असलेली बाई आपोआप बाहेर राहते. तिच्याविरुद्ध कोणी निर्णय घेतलेला नसतो, आणि म्हणूनच दादही कुठे मागता येत नाही.

पुण्याने दुसरी वाट धरली, हे त्या काळच्या प्रशासनाचे श्रेय नोंदवले पाहिजे. 2005-06 मध्ये प्रयोग झाला, 2007 मध्ये कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था नोंदली गेली आणि 2008 मध्ये महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. त्याची मांडणी अशी : बाईने घरातून कचरा घ्यावा, ओला पालिकेच्या गाडीत द्यावा किंवा खतासाठी जिरवावा, सुका विकून त्याचे पैसे स्वतः ठेवावेत. सेवेचे शुल्क घरांनी थेट द्यावे. पालिकेने साधने पुरवावीत आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च उचलावा. पगारपत्रक न वाढवता शहराला घरोघरची सेवा मिळाली, आणि कुंडीत उतरणारी बाई दाराशी येऊन उभी राहिली.

हाच प्रश्न विलायतेतील नगरसंस्थांना वेगळ्या तऱ्हेने भोवला. तिथे 1988 च्या कायद्याने कचरा उचलण्यासारखी कामे स्पर्धेच्या निविदेला घालणे सक्तीचे झाले, आणि निवड करताना व्यापाराबाहेरच्या बाबी विचारात घेण्यास मनाई झाली. सुमारे बारा वर्षांनी ती सक्ती उठली. 1998 साली सरकार व स्वयंसेवी संस्था यांच्यात परस्पर वागणुकीचा एक सामंजस्य-करार झाला. 2012 च्या कायद्याने तर सेवा घेणाऱ्या सार्वजनिक संस्थांना, तिच्यातून समाजाचे काय भले होईल याचाही विचार करण्यास सांगितले. सर्वांत स्वस्त तेच सर्वांत किफायतशीर नव्हे, हे कळायला त्यांना एक पिढी लागली. आपल्याकडे ते पुण्याच्या बायकांनी आधीच करून दाखवले होते.

परंतु इथे मला गौरवगाथा लिहायची नाही. 2013 साली पहिला करार संपला आणि नवा झाला 2016 मध्ये. मधली वर्षे काम चालू होते, पण कागद नव्हता. 2020 च्या अखेरीस दुसऱ्या कराराची मुदत सरली, तेव्हा पुन्हा काही काही महिन्यांच्या मुदतवाढीवर गाडा चालला. त्या वेळी संस्थेत साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक होते. टाळेबंदीत आपण घरात बसलो असताना हीच माणसे दारोदार फिरत होती, आणि त्या वर्षाच्या शेवटी त्यांच्या भाकरीची मुदत संपत होती.

म्हणून सुधारणा करायचीच तर ती सभागृहातल्या अभिनंदनाच्या ठरावात न करता कलमांत करावी. मुदत संपण्याच्या वर्षभर आधी नूतनीकरणाचा निर्णय व्हावा. सुक्या कचऱ्यावरचा बाईचा हक्क निःसंदिग्ध लिहावा. कारण तो उद्या एखाद्या गाडीवाल्याकडे गेला तर शुल्क तेवढेच राहूनही तिची मिळकत घटेल. जिथे घरांना पूर्ण शुल्क परवडत नाही, अशा वस्त्यांत उरलेला भार पालिकेने उचलावा, बाईवर टाकू नये. आणि स्वस्ताईचा हिशेब मांडताना वाचलेली वाहतूक आणि कचरा-डेपोवर न गेलेला माल हेही जमेच्या बाजूला धरावे. फुरसुंगी-उरुळीच्या गावकऱ्यांनी आपल्या कचऱ्याची दुर्गंधी किती वर्षे सोसली, हे पुणेकराला तरी सांगायला नको.

हे सारे पालिकेने करायचे. पण हा इतिहास चाळताना मला आढळले की या कराराला हात तीन आहेत. पालिकेने सही केली, संस्थेने सही केली. तिसरा हात माझा. माझ्या शुल्कावर सगळी मांडणी उभी, आणि सही मात्र माझी कुणी घेतली नाही. त्यामुळे मी करार मोडला तरी मला तो मोडल्यासारखा वाटला नाही. दोन महिन्यांची थकबाकी मला विसरता आली; तिला ती किराणा दुकानात आठवली असेल.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना थकलेले पैसे दिले. इमारतीच्या वार्षिक सभेत ठराव मांडला की, सर्व घरांचे शुल्क देखभालीच्या पैशांतून दर महिन्याच्या पाच तारखेला एकत्र द्यावे. थोडी वादावादी झाली. "उद्या ठेकेदाराची गाडी आली तर?" असे एकाने विचारले. अखेर ठराव मंजूर झाला.

मावशींना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. "बरं झालं काका, दारोदार मागायला लाज वाटती," म्हणाल्या. मग मी विचारले, "मावशी, तुमचा कार्पोरेशनशी करार आता कधीपर्यंत आहे?"

त्यांनी बादली खाली ठेवली, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "ते आमाला कुनी सांगत न्हाई."