पेठांतली चव आणि पंगतीचा इतिहास

अलीकडे पुण्याच्या जुन्या पेठांतून पायी हिंडवीत ठिकठिकाणचे पदार्थ चाखविणाऱ्या सहली निघू लागल्या आहेत. एक माहितगार पुढे, पाचदहा पाहुणे मागे. एखादा वाडा पाहावा, एखादे देऊळ पाहावे, आणि मध्येच कुठे खिचडी, कुठे मिसळ, कुठे पियुष अशी जिभेचीही सोय व्हावी. अशा एका सहलीत आम्हीही हौसेने सामील झालो. कोणता पदार्थ कुठला, हे वाटाड्याने छान सांगितले. परंतु एक गोष्ट त्याने सांगितली नाही, आणि तीच आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवू इच्छितो: ह्याच गल्ल्यांत पूर्वी कोणी कोणाच्या शेजारी बसून खावे?

आमची फेरी शनिवारवाड्यापासून निघाली. १७३२ मध्ये ह्या वाड्याची वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतील महाल जळाले, तट आणि दरवाजे राहिले. पेशवाईतल्या मेजवान्यांचे वर्णन आपण कौतुकाने वाचतो. पानाची मांडणी कशी, तूप केव्हा वाढावे, ह्याच्या तपशिलात आपण रमतो. पण त्या पंगती जातवार होत्या, आणि पंगतीबाहेर कितीतरी लोक होते, हे वाचताना आपल्या ध्यानात राहत नाही.

तेथून तुळशीबागेवरून आम्ही मंडईत आलो. ही इमारत १८८६ मधली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांचे नाव तिला होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घालावा, असे म्हणून जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत ह्या बेताला विरोध केला होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. मंडईतल्या पाट्यांकडे पाहून आमच्या मनात आणखी एक विचार आला. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, हे सारे अमेरिका खंडातून समुद्रावरून आलेले. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांनी आणलेला. तरी आपण त्यांना उपवासाच्या ताटात मानाने बसविले. पदार्थाला आपण गोत्र विचारले नाही. माणसाला मात्र विचारीत राहिलो.

किती कडकपणे विचारीत होतो, ते पाहायचे तर मंडईवरून पूर्वेकडे पंच हौद मिशनपर्यंत चालत जावे. ऑक्टोबर १८९० मध्ये येथे व्याख्यानाला जमलेल्या पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कपाला हात लावला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी ह्यांनी ती नावे 'पुणे वैभवा'त छापविली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखलेही होते. शहरात एकच गदारोळ उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. बहिष्काराने मित्रांच्या घरची मंगलकार्ये अडली, तेव्हा रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. पुण्यात १८७५ पासून वसंत व्याख्यानमालेचा पाया घालणारा हा पुरुष; त्याचे विचार ऐकायला नगर जमत होते, पण त्याने कोणाच्या हातचा चहा प्यावा हे ठरविण्याचा हक्क नगराने आपल्याकडेच ठेवला होता.

जवळच गंज पेठेत जोतीरावांचे घर आहे. आता ते स्मारक आहे. चहाच्या त्या प्रकरणाच्या बावीस वर्षे आधी, १८६८ मध्ये, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. ज्या पाण्याशिवाय कोणताही पदार्थ शिजत नाही, त्या पाण्यापासून त्यांनी आरंभ केला. सहलीत इथे चाखण्यासारखे काही नव्हते. पण आमच्या मते सर्वांत अधिक वेळ थांबावे अशी जागा हीच.

परतताना एका दुकानात आमच्यातल्या सर्वांनी एकाच ताटलीतली भजी वाटून घेतली. शेजारचा कोण, हे कोणी विचारले नाही. ही साधी गोष्ट वाड्याच्या तटाइतकी जुनी नाही. ती फार अलीकडची आहे, आणि ती मिळविण्यासाठी माणसांनी बहिष्कार सोसला आहे.

ती अजून पुरती मिळालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्यापैकी कितीतरी घरांत कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप आजही वेगळा ठेवलेला असतो. श्रोत्यांनी जुन्या पेठा अवश्य हिंडाव्यात, मनसोक्त खावे. मात्र घरी गेल्यावर आपल्या फडताळात तो कप आहे का, हेही एकदा पाहावे.