आधी ठोकळे, मग चित्रं: फ्रोबेलची पेटी आणि आधुनिक कला

आजचा भाग लहान मुलांच्या गणिताबद्दल आहे आणि थोडा चित्रकलेबद्दलही.

हल्ली शाळांमध्ये आणि सुट्टीतल्या शिबिरांत एक प्रकार बराच दिसतो. मुलांना मोंड्रियानचं चित्र दाखवायचं. पांढऱ्या कॅनव्हासवर काळ्या उभ्या-आडव्या रेघा, मधेमधे लाल, पिवळे, निळे चौकोन. त्यावरून आयत, चौरस, अपूर्णांक शिकवायचे. कँडिन्स्कीची वर्तुळं दाखवून त्रिज्या आणि व्यास. यामागची समजूत साधी आहे: गणित कडू, कला गोड, तेव्हा औषध मधातून द्यावं.

माझं म्हणणं असं की इतिहासात ही गोष्ट बऱ्याच अंशी उलट्या दिशेनं घडली. आधी चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी गणित आणि विज्ञानाचा एक हातानं करायचा अभ्यास तयार झाला. तो हाताळत युरोप-अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, आणि मग आधुनिक कला आली. ही दिशा कळली, तर आज मुलांसमोर चित्र ठेवताना नेमकं काय करायचं हेही जरा स्पष्ट होतं.

तर गोष्ट सुरू होते फ्रेडरिक फ्रोबेलपासून. जन्म १७८२, जर्मनीतल्या थुरिंगिया भागात. वडील पाद्री. हा नऊ महिन्यांचा असताना आई गेली. वनखात्यातल्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी केली, कॉलेज अर्धवट सोडलं, मग फ्रँकफर्टला शिक्षक झाला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझीच्या शाळेत दोन वर्षं राहिला. पेस्टालोझी त्या काळातला मोठा शिक्षणतज्ज्ञ. मुलाच्या हातात आधी वस्तू द्या, शब्द नंतर, हा त्याचा आग्रह. फ्रोबेलनं तो उचलला.

पण फ्रोबेलला वेगळं वळण मिळालं ते बर्लिनमध्ये. १८१२ मध्ये तो तिथे क्रिस्टियान सॅम्युएल वाइस या शास्त्रज्ञाकडे शिकायला गेला. वाइस स्फटिकशास्त्राच्या पाया घालणाऱ्यांपैकी एक. स्फटिकांची वर्गवारी त्यांच्या अक्षांवरून आणि सममितीवरून करायची, ही त्याची पद्धत. मधे फ्रोबेल नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वयंसेवक म्हणून जाऊन आला, आणि १८१४ ते १८१६ वाइसच्या हाताखाली खनिज संग्रहालयात मदतनीस होता. म्हणजे बघा, किंडरगार्टनचा जनक दोन वर्षं दगड हाताळत होता.

घरातलं खडेमीठ घ्या आणि भिंगाखाली बघा. त्याचे स्फटिक घनाकार असतात, आणि फोडले तरी काटकोनातच फुटतात. मोठ्या घनातून छोटे घन. फ्रोबेलच्या मनात हे पक्कं बसलं: निसर्ग गुंतागुंतीच्या गोष्टी साध्या आकारांतून, नियमानं रचतो. मग मुलानंही तसंच रचून का शिकू नये?

१८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला त्यानं खेळसाहित्याची एक मालिका बनवायला घेतली. तिला तो 'गाबे' म्हणायचा, म्हणजे भेटी. १८४० मध्ये त्यानं आपल्या शाळेला नाव दिलं: किंडरगार्टन, मुलांची बाग.

या भेटींचा क्रम नीट ऐका, कारण सगळी गंमत त्यात आहे. पहिली भेट: लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी: लाकडी गोल, घन आणि या दोघांच्या मधला दंडगोल. हे दोरीला टांगून गरागरा फिरवायचे. घन फिरवला की डोळ्यांना दंडगोल दिसतो, दंडगोल आडवा टांगून फिरवला की गोलाचा भास होतो. चार वर्षांचं पोर अक्षाभोवतीचं फिरणं बघतंय, पण 'अक्ष' हा शब्द कोणी उच्चारलेला नाही.

तिसरी भेट: एक घन, आठ छोट्या घनांत कापलेला. खडेमिठासारखाच. चौथीत आठ विटा. पाचवी मोठी: तीन बाय तीन बाय तीन, म्हणजे २७ घन, आणि त्यातले काही तिरके कापलेले. तिरक्या कापलेल्या अर्ध्या घनाचा वरचा भाग काटकोन त्रिकोण असतो. असे चार त्रिकोण लांब बाजू बाहेर ठेवून जोडा. जो चौरस होतो, त्याचं क्षेत्रफळ एका घनाच्या पृष्ठाच्या बरोबर दुप्पट. पायथागोरसच्या प्रमेयाचा एक तुकडा, पाटी न घेता, हातात.

पुढे ठोकळे संपतात आणि चपट्या लाकडी चकत्या येतात. मग काड्या. मग कागदाला टोचून पाडायची भोकं. घन, पृष्ठ, रेषा, बिंदू. आणि तिथून परत उलट प्रवास: भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खुपसून सांगाडे, म्हणजे बिंदू आणि रेषा, आणि शेवटी माती, म्हणजे पुन्हा घनरूप. आपली भूमितीची पुस्तकं बिंदूपासून सुरू होतात, ज्याला लांबी नाही, रुंदी नाही. फ्रोबेल हातात मावणाऱ्या चेंडूपासून सुरू करतो आणि बिंदूपर्यंत मुलाला पोचवतो.

प्रत्येक भेटीतून तीन तऱ्हेच्या रचना करायच्या. जीवनाच्या: खुर्ची, घर, पूल. ज्ञानाच्या: आठाचे दोन भाग, चार भाग. आणि सौंदर्याच्या: सममित नक्षी. यात एक नियम होता जो मला, दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला, फार आवडतो. केलेली रचना मोडून टाकायची नाही. एक ठोकळा हलवला तर समोरचाही तसाच हलवायचा, आणि आधीच्या नक्षीतूनच पुढची काढायची. सगळे ठोकळे वापरात राहिले पाहिजेत. आमच्या धंद्यात याला रिफॅक्टरिंग म्हणतात. गणितात हे सममितीचं रूपांतर. आणि लांबून बघणाऱ्याला ती अमूर्त कलाकृती दिसते, १८४० च्या सुमाराची, जेव्हा अमूर्त चित्रकला नावाची गोष्टच नव्हती.

१८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारनं किंडरगार्टनवर बंदी घातली. नास्तिकपणा आणि समाजवाद पसरवतात, हा आरोप. त्यात फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या लिखाणाचा आणि काकाच्या कामाचा घोळ झाला होता. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० मध्ये. तोवर त्याच्या हाताखाली शिकलेल्या बायका ही पद्धत घेऊन देशोदेशी गेल्या होत्या. अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेट शुर्झनं सुरू केलं, आणि पुढे मिल्टन ब्रॅडली या खेळणी बनवणाऱ्यानं तिथे भेटींच्या पेट्या विकायला काढल्या.

आता येते ती पिढी. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अ‍ॅना राइट या बाईंनी भेटी पाहिल्या आणि नऊ वर्षांच्या मुलासाठी घेतल्या. मुलगा म्हणजे पुढचा प्रसिद्ध वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट. आत्मचरित्रात त्यानं या ठोकळ्यांचं ऋण स्वतः मान्य केलं आहे. त्याच्या इमारतींचे आराखडे चौकटींच्या जाळीवर बेतलेले असतात, अगदी किंडरगार्टनच्या आखलेल्या टेबलासारखे.

दुसरा बकमिन्स्टर फुलर. लहानपणी त्याची नजर फार अधू होती. वर्गात वाटाणे आणि काड्या दिल्या. बाकीच्या मुलांनी पाहिलेली घरं आठवून चौकोनी खोकी केली. याला घरं नीट दिसलेलीच नव्हती. तो हातानं चाचपत राहिला, आणि चौकोन कलंडतो पण त्रिकोण कलंडत नाही हे बोटांना कळलं. त्यानं त्रिकोणांचा सांगाडा केला. ही हकीकत तो आयुष्यभर सांगायचा. त्याच रचनेचं पेटंट त्याला १९६१ मध्ये मिळालं.

जर्मनीत १९१९ मध्ये बाउहाउस ही कलाशाळा उघडली. तिचा पायाभूत वर्ग सुरू करणारा योहानेस इटेन मुळात प्राथमिक शिक्षक. नंतर तो वर्ग घेणारा जोसेफ आल्बर्सही प्राथमिक शिक्षकच. आल्बर्स काय करायचा? विद्यार्थ्यांना नुसता कागद द्यायचा, आणि सांगायचा की यातून काहीही वाया न घालवता काहीतरी उभं करा. तिथलेच कँडिन्स्की आणि क्ले. कँडिन्स्कीच्या १९२६ च्या पुस्तकाचं नावच बिंदू, रेषा आणि पृष्ठ यांवरून आहे. फ्रोबेलची शिडी, फक्त खालून वर चढलेली.

इथे जरा सबुरीनं घेऊ. हा सगळा धागा नॉर्मन ब्रॉस्टरमन या संशोधकानं १९९७ च्या पुस्तकात जोरकसपणे मांडला. राइट आणि फुलर यांची स्वतःची साक्ष आहे. बाउहाउसच्या शिक्षकांचा शिकवण्याशी आणि फ्रोबेलच्या परंपरेशी संबंध दिसतो. पण मोंड्रियानचा चौकोन थेट लाकडी चकतीतून आला, असं म्हणायला पुरावा लागेल. त्या कलेमागे क्युबिझम आहे, यंत्रयुग आहे, थिऑसॉफीही आहे. माझा दावा एवढाच की ही भाषा त्या पिढीला परकी नव्हती, कारण तिची मुळाक्षरं बालवयातच हातात पडायची सोय झाली होती.

या गोष्टीत आपला देशही आहे, आणि तो भाग कमी सांगितला जातो. फ्रोबेलच्या साहित्यात कागदाच्या घड्याही होत्या. मद्रास इलाख्यातल्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक मद्रासमध्ये छापलं. कल्पना किंडरगार्टनच्या घड्यांवरून सुचली, हे त्यांनी प्रस्तावनेतच लिहिलंय. बाळांचा खेळ घेतला आणि त्याच चौकोनी कागदातून सुसम बहुभुज, श्रेढींच्या बेरजा आणि पार शांकवांपर्यंत गेले. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यानं त्याचा उल्लेख केला, आणि तो वाचून अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती काढली. थुरिंगियातून निघालेली घडी मद्रासमार्गे शिकागोला पोचली!

मग हे सगळं गेलं कुठे? ते बिघडलं आतूनच. वर्ग मोठे झाले, प्रशिक्षण घाईचं झालं, आणि भेटींची कवायत झाली. बाई सांगणार: पहिला ठोकळा उचला, डावीकडे ठेवा. चाळीस मुलं एकाच वेळी एकच नक्षी करणार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञांनी यावर सडकून टीका केली, आणि बराच भाग रास्त होता. ठोकळे तेच होते, पण शोध गेला होता.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी हा धोका ओळखला असावा असं मला वाटतं. त्यांची वाट माँटेसरीची. पण बोर्डी आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम करताना त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी महागडी साधनं आणून ठेवली नाहीत. बिया, शिंपले, पानं, परिसरातलं जे असेल ते साहित्य झालं. शाळाच मुलांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत रमलेले अरविंद गुप्ता यांचं काम आठवा. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून केलेले त्रिकोण, घन, घुमट. वाटाण्याच्या जागी रबर. चौकोन कलंडतो, त्रिकोण उभा राहतो, हे तिथेही बोटांनाच कळतं.

म्हणून मोंड्रियानच्या चित्राकडे परत येऊ. छापील चौकटी देऊन 'लाल, पिवळा, निळा भरा' म्हटलं, तर ती तीच जुनी कवायत आहे, फक्त तिला संग्रहालयाचं नाव लावलंय. त्याऐवजी मुलाला दहा बाय दहाचा कोरा चौरस द्या. सांगा: चारच रेघा, टोकापासून टोकापर्यंत, उभ्या किंवा आडव्या. सगळ्यात जास्त खोल्या कशा पडतील? कोणी चारही उभ्या मारेल, पाच खोल्या येतील. कोणी दोन उभ्या, दोन आडव्या मारेल, नऊ येतील. का, ते त्यांनाच भांडून ठरवू द्या. मग म्हणा: एकच खोली रंगवायची, पण ती अख्ख्या चौरसाचा बरोबर पाव हिस्सा हवी, आणि चौरसाच्या कडेला कुठेच टेकायला नको. तेव्हा मूल मोजेल, खोडेल, पुन्हा आखेल. त्यानंतर मोंड्रियान दाखवा. मग ते त्या चित्राकडे आपल्यासारख्याच रेघा ओढणाऱ्या दुसऱ्या माणसाचं काम म्हणून बघेल.

तुमच्यापैकी कोणी बालवाडीत किंवा प्राथमिकला शिकवत असाल आणि हा खेळ करून पाहिलात, तर मुलांनी काय काय उत्तरं काढली ते जरूर कळवा. पाव हिस्स्याच्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. भेटू पुढच्या भागात.