एकाच पक्षाच्या मुलखात निवडणूक वाचताना
(प्रस्तावना)

निवडणुकीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाचा कुठे ना कुठे कल असतो. दोन-तीन तुल्यबळ पक्ष असलेल्या मतदारसंघात त्याने फारसे बिघडत नाही. एकाचे लिहिणे दुसऱ्याच्या लिहिण्याशी ताडून पाहता येते आणि वाचक आपला अंदाज आपणच बांधतो. एकच पक्ष वर्षानुवर्षे राज्य करतो तिथे मात्र ही सोय राहत नाही. अग्रलेख, जनमत चाचणी, नाक्यावरचा अंदाज, प्रचाराचे पत्रक, सगळे त्या एका सत्तेच्या सावलीत तयार होते. कुणी तिच्या बाजूने बोलतो, कुणी तिच्या विरोधात, पण तिला वगळून कुणालाच बोलता येत नाही. अशा मुलखातले भाष्य कसे वाचायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

सुरुवात पाचूबंदरापासून करतो. वसईच्या किल्ल्याला खेटून, खाडी समुद्राला मिळते तिथे वसलेला हा कोळीवाडा. बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांना लटकणारे बोंबील, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, घराच्या ओट्यावर जाळी विणणारे म्हातारे. हे गाव वसई विधानसभा मतदारसंघात येते. १९९० साली हितेंद्र ठाकूर इथून काँग्रेसच्या तिकिटावर प्रथम आमदार झाले. पुढे अपक्ष म्हणून आणि मग बहुजन विकास आघाडीचे नेते म्हणून ते निवडून येत राहिले. १९९० पासून २०२४ च्या निवडणुकीआधीपर्यंत वसईची जागा एकदाच त्यांच्या गटाच्या हातून गेली, २००९ मध्ये. लोक त्यांना ‘अप्पा’ म्हणतात, आघाडीला ‘शिट्टी’ म्हणतात, आणि कित्येक वर्षे गल्लीतली चर्चा कोण निवडून येणार यावर नव्हतीच. ती असायची किती मतांनी, यावर.

अशा सत्तेचा पहिला पद्धतशीर विचार आपल्याकडे रजनी कोठारी यांनी केला. १९६४ साली त्यांनी काँग्रेसच्या सत्तेला ‘काँग्रेस व्यवस्था’ म्हटले. एक पक्ष वर्चस्व गाजवतो तेव्हा खरी स्पर्धा पक्षांमध्ये नसते, त्या पक्षाच्या पोटातल्या गटांमध्ये असते आणि बाहेरचे विरोधी पक्ष त्या गटांवर दबाव आणत राहतात, हे त्यांचे मुख्य निरीक्षण. महाराष्ट्राने ते पुरेपूर खरे करून दाखवले. १९६२ च्या विधानसभेत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा होत्या. त्या काळातले राजकारण समजून घ्यायचे तर जाहीर सभांपेक्षा जिल्ह्याजिल्ह्यातले गट, साखर कारखाने आणि जिल्हा परिषदा पाहाव्या लागतात. पुढे राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर आणि पुण्यातील त्यांच्या सहकाऱ्यांनी या सत्तेची घडण आणि १९९० नंतरची तिची मोडतोड मराठीतून आणि इंग्रजीतून तपासली. मराठीत निवडणूक-अभ्यासाची भाषा घडवण्याचे मोठे श्रेय या मंडळींना आहे.

कोठारींचे निरीक्षण वसईला लावून पाहा. २०१५ च्या महापालिका निवडणुकीत ११५ पैकी शंभराहून अधिक जागा आघाडीकडे गेल्या. त्या वर्षी वॉर्डातली खरी लढत मतदानाच्या दिवशी झाली नाही. ती त्याआधी तिकीटवाटपात झाली. पण तिकिटाच्या स्पर्धेवर कुणी अग्रलेख लिहीत नाही, तिची चाचणी कुणी घेत नाही. शेजारच्या बोईसरचे उदाहरण आणखी बोलके आहे. विलास तरे २००९ आणि २०१४ मध्ये आघाडीचे आमदार. २०१९ मध्ये ते शिवसेनेकडून उभे राहिले आणि आघाडीच्या राजेश पाटलांकडून हरले. २०२४ मध्ये शिवसेनेकडूनच पुन्हा जिंकले. आतला गट बाहेर पडला की त्यालाच आपण विरोधी पक्ष म्हणू लागतो.

पक्षपाती भाष्य म्हणजे टाकाऊ भाष्य, असा समज नव्या अभ्यासकांत हमखास आढळतो. तो मला मुळीच मान्य नाही. आचार्य अत्रे यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये ‘मराठा’ सुरू केला तो संयुक्त महाराष्ट्रासाठी, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. १९५७ च्या निवडणुकीत काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात एवढा मोठा फटका का बसला, हे त्या काळच्या ‘तटस्थ’ लिखाणापेक्षा ‘मराठा’च्या पानांतून जास्त कळते, कारण लोकांचा राग तिथे झाकलेला नाही. धोका उघड पक्षपातात कमी आणि लपवलेल्या पक्षपातात जास्त असतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातल्या एका नेत्याच्या गौरवाचा मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दाला शब्द सारखा छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. ‘पेड न्यूज’ हा शब्द मराठी घराघरांत पोचला तो तेव्हा, आणि पुढच्याच वर्षी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर अहवाल दिला. बातमीच्या वेशातली जाहिरात ही वाचकाची फसवणूक आहे, आणि एकपक्षीय मुलखात ती दुप्पट लागते, कारण तिला उत्तर देणारे दुसरे वर्तमानपत्र बहुधा नसतेच.

वसईला या बाबतीत एक वेगळा वारसा आहे. समाजवाद्यांची जुनी परंपरा, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादिलेले ‘सुवार्ता’, हरित वसईची चळवळ. निवडणुकीच्या आकड्यांत हे आवाज क्वचित दिसतात. पाणी, जमीन, बिल्डर, दहशत हे विषय मात्र त्यांनीच जिवंत ठेवले. जुलै २००९ मध्ये महापालिका झाली आणि गावे तिच्यात घेण्याला कडवा विरोध उभा राहिला. त्याच लाटेवर ऑक्टोबरमध्ये विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून निवडून आले. वर्चस्वाला पहिला तडा एका पक्षाने दिला नाही, गावांच्या एका प्रश्नाने दिला, ही नोंद विसरता कामा नये.

आता जनमत चाचण्यांकडे वळू. विश्लेषक चाचणी चुकल्यावर नमुना छोटा होता असे सांगून मोकळे होतात. अडचण बहुतेक वेळा त्याआधीच सुरू झालेली असते. १९९० मध्ये निकाराग्वात सँडिनिस्टा पक्षाची सत्ता होती आणि बऱ्याच चाचण्या डॅनियल ऑर्टेगा जिंकणार म्हणत होत्या. जिंकल्या व्हायोलेटा चामोरो, तेही स्पष्ट बहुमताने. तिथे संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातात वेगवेगळी पेने दिली: काहींना सत्ताधाऱ्यांच्या रंगाचे आणि नाव असलेले, काहींना विरोधकांचे, काहींना कुठल्याच पक्षाचे नसलेले. विरोधकांचे पेन पाहिल्यावर लोकांनी चामोरोंचे नाव सांगितले. बाकी दोन्ही पेने पाहून ऑर्टेगांचे. म्हणजे निःपक्ष पेनसुद्धा लोकांनी सत्तेचेच मानले. या एका प्रयोगात आमच्या अभ्यासक्षेत्राचा निम्मा धडा आहे. ज्या गल्लीत कोणाचे काम कोणामुळे होते हे सगळ्यांना ठाऊक असते, तिथे अनोळखी माणूस टॅब घेऊन आला की तो कुणाचा, हा प्रश्न उत्तराच्या आधी मनात उठतो. “बघू, अजून ठरवलं नाय,” हे उत्तर अशा वेळी अनिश्चितपणाचे नसते. ती स्वतःची राखण असते.

कोळीवाड्यात याच्या जोडीला समुद्राचे वेळापत्रक येते. वसईच्या किनाऱ्यावरची डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, प्रवाहाला जोर असतो, आणि होड्या पाण्यात असतात. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, प्रवाह मंदावतो, पुरुष घरी असतात. उधाणाच्या दिवसांत दुपारी घरोघर फिरणाऱ्या सर्वेक्षकाला बायका, म्हातारी माणसे आणि शाळेतून परतलेली मुले भेटतात. बायकांतल्याही कित्येक बाजारात मासळी विकायला गेलेल्या असतात. भांगाच्या दिवसांत तोच सर्वेक्षक वेगळेच गाव पाहील. २० मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले तेव्हा वैशाखी पौर्णिमा तीन दिवसांवर होती. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले तेव्हा कार्तिकी पौर्णिमा होऊन पाच दिवस लोटले होते. चाचणीच्या तक्त्यात तिथीचा रकाना नसतो. किनाऱ्यावर तो हवा, असे माझे ठाम मत आहे.

मतदानानंतरच्या आकड्यांचा प्रश्न याहून नाजूक. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. यंत्रे आली आणि प्रत्येक यंत्र वेगळे मोजले जाऊ लागले. आज निकालपत्रकाचा फॉर्म २० उघडला की कुठल्या मतदान केंद्रावर कुणाला किती मते पडली ते कुणालाही वाचता येते. अभ्यासकासाठी हा खजिना आहे. पण पाचूबंदरासारख्या गावात एक केंद्र म्हणजे काही आळ्या, काही कुटुंबे. नळाची लाइन, गटार, जेट्टीची दुरुस्ती ज्यांच्या हातात आहे, तेही हाच फॉर्म वाचतात. निवडणूक आयोगाने २००८ मध्येच ‘टोटलायझर’ सुचवला होता: एका वेळी १४ केंद्रांची मते एकत्र मोजायची आणि एकेका केंद्राचा आकडा झाकायचा. विधी आयोगाने २०१५ च्या २५५व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. अंमलबजावणी अजून नाही. माझी बाजू टोटलायझरची आहे. त्यामुळे माझ्याच अभ्यासाचे साधन हातचे जाईल, हे ठाऊक असूनही. मतदाराची गुप्तता अभ्यासकाच्या सोयीपेक्षा मोठी आहे.

२०२४ च्या विधानसभेत वसईत भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांना ७७,५५३, हितेंद्र ठाकूर यांना ७४,४०० आणि काँग्रेसचे विजय पाटील यांना ६२,३२४ मते पडली. फरक ३,१५३. मतदानाच्या आदल्या दिवशी विरारच्या हॉटेलात भाजपचे विनोद तावडे आणि आघाडीचे कार्यकर्ते समोरासमोर आले, पैसे वाटल्याचा आरोप झाला, तावडेंनी तो नाकारला. त्या रात्रीचे भाष्य दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखे आहे, कारण दोघेही एकाच घटनेतून उलट निकाल सांगत होते. डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांनी १९८४ मध्ये ‘विरोधी ऐक्याचा निर्देशांक’ मांडला: विरोधकांच्या एकूण मतांत सर्वांत मोठ्या विरोधकाचा वाटा किती. विरोधक फुटले की वर्चस्व असलेला पक्ष तरतो, हे त्यामागचे गृहीत. वसईत मुख्य दोन विरोधकांपुरता तो जेमतेम ५५ निघतो, म्हणजे विरोधक चांगलेच फुटलेले. तरी सत्ताधारी पडले. २०१९ मध्ये काँग्रेस आघाडीसोबत होती, २०२४ मध्ये समोर. तिसऱ्या उमेदवाराने विरोधाची मते फोडली की सत्ताधाऱ्यांचीच नेली, हा प्रश्न केवळ निर्देशांकाने सुटत नाही. त्याला केंद्रागणिक आकडे आणि माणसांशी बोलणे, दोन्ही लागतात. एका निकालावरून वर्चस्व संपले असे लिहिण्याची घाईही कुणी करू नये.

पुढच्या प्रकरणांत याच साधनांचा वापर एकेका निवडणुकीवर केला आहे. ती वाचताना लेखकांचा कलही तपासा, माझाही.

एक विनंती. निवडणूक संपली की जाहीरनामे, पत्रके, वॉर्डातले चोपडे आणि स्थानिक साप्ताहिके रद्दीत जातात, आणि वीस वर्षांनी अभ्यासकाच्या हाती फक्त जिंकणाऱ्यांचे फोटो उरतात. हरलेल्यांची पत्रके विशेषतः जपा. मागे तारीख आणि मिळाल्याचे ठिकाण पेन्सिलीने लिहा, आणि जवळच्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात नेऊन द्या.