जयंतीची मिरवणूक आणि मुलींची सुरक्षितता : स्वयंसेवकांना काय शिकवावे?

दोर धरणे, रुग्णवाहिकेला वाट करून देणे, हरवलेले मूल मंचापर्यंत आणणे ही कामे आपल्या स्वयंसेवकांना चांगली येतात. समता सैनिक दलाचा हा वारसा १९२७ च्या महाडच्या काळापासूनचा आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलाचे संमेलन आणि महिला परिषद एकाच वेळी भरली होती. पण डीजेसमोरच्या गर्दीत मुलीची छेड काढली गेली तर नेमके काय करायचे, हे आपण क्वचितच शिकवतो. मग पोरे छेड काढणाऱ्याला मारत सुटतात आणि मुलगी बाजूला एकटी उभी राहते.

चिखलीत हा प्रश्न जास्त जाणवतो. घरकुल, साने चौक, कुदळवाडी या भागांत मराठवाडा-विदर्भातून आलेली, भाड्याने राहणारी माणसे खूप. तळवडे, चाकणच्या शिफ्ट रात्री सुटतात. गावात ओळखीच्या माणसांची नजर असते, ती इथे नसते. ते काम प्रशिक्षित माणसांनाच करावे लागेल.

जगभर अशा प्रशिक्षणात मदतीच्या पाच पद्धती शिकवतात. पहिली आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते : त्रास देणाऱ्याकडे न पाहता मुलीशीच बोलायचे. “ताई, आई तिकडे शोधतेय, चला.” एवढ्याने ती बाहेर पडते आणि भांडणही होत नाही. बाकीच्या म्हणजे दुसऱ्याची मदत घेणे, घटनेची नोंद ठेवणे, नंतर तिची विचारपूस करणे आणि धोका नसेल तर थेट अडवणे. व्हिडिओ काढलाच तर तो तिच्या हाती द्यावा, ग्रुपवर टाकू नये. हे भाषणाने येत नाही. रविवारी वंदनेनंतर विहारात प्रसंग करून दाखवावे लागतात, आणि मुलांनी मुलीच्या जागी उभे राहून पाहावे.

कायद्याचे थोडे माहीत हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७४ विनयभंगाचे, ७५ लैंगिक छळाचे आणि ७८ पाठलागाचे आहे. अशी तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, आणि हद्दीचे कारण सांगून पोलीस ठाण्याला ती नाकारता येत नाही. तातडीला ११२, मुलांसाठी १०९८.

खरी परीक्षा मात्र आरोपी आपलाच कार्यकर्ता असतो तेव्हा होते. “समाजाची बदनामी होईल, आपसात मिटवू” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. पंचशीलातले तिसरे शील म्हणणाऱ्यांच्या तोंडी ते शोभत नाही. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो कायद्याने (२०१२) माहिती असणाऱ्या प्रत्येकाला कळवणे बंधनकारक आहे. दडपणाऱ्यावरही गुन्हा होतो. मुलगी सज्ञान असेल तर तक्रारीचा निर्णय तिचा, समितीचा नव्हे.

म्हणून तक्रार ऐकणाऱ्या दोघांत एक तरी उपासिका असावी, आणि ती मंडळाच्या पदाधिकाऱ्यांच्या घरातली नसावी. दोघांचे फोन नंबर मिरवणुकीच्या आदल्या दिवशीच विहाराच्या फळ्यावर लिहावेत.