पथ्य काय?

वाशीम जिल्ह्यात दवाखान्यातून उठता उठता रोगी एक प्रश्न हमखास विचारतो: ‘पथ्य काय पाळा लागते, डॉक्टरसाहेब?’ उत्तरही ठरलेलं असतं. तेलकट नको, आंबट नको, थंड पाणी नको. शिकलीसवरली माणसं या प्रश्नाला हसतात. मला मात्र प्रश्न बरोबर वाटतो. जुनं झालं आहे ते उत्तर. औषध कशासोबत घ्यायचं, कशासोबत टाळायचं, अंगावर उलटलं तर काय करायचं, हे सगळं वऱ्हाडातला माणूस ‘पथ्य’ या एका शब्दात पिढ्यानपिढ्या विचारत आला आहे. आपण आज ज्यांना दुष्परिणाम आणि सावधगिरीच्या सूचना म्हणतो, त्या इथे तोंडी होत्या. गेल्या शंभरेक वर्षांत त्या कागदावर गेल्या, आणि कागदावर जाताना रोग्याच्या हातून सुटल्या.

बिब्ब्याचंच पाहा. त्याची गोडंबी लाडवात पडते, आणि त्याच फळाच्या टरफलातलं काळं तेल कातडीला लागलं तर टरारून फोड येतात. ‘बिबा उतला’ म्हणतात ते हेच. काटा रुतलेल्या जागी दिव्यावर तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देत. पोटात द्यायचा झाला तर आधी तोंडाला आतून तूप, मग बिबा दुधातुपातून, आणि त्या दिवसांत उन्हात जायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. उतलाच तर तीळ किंवा खोबरं वाटून लावायचं. अनुपान, पथ्य, धोका आणि उतारा, चारही गोष्टी यात आल्या. हे कुठे छापलेलं नव्हतं, पण ज्या घरात बिबा होता त्या घरातल्या म्हातारीला ते ठाऊक होतं.

यावर कोणी म्हणेल की हे जुन्याचं कौतुक झालं. तोंडी ज्ञानाने किती जण दगावले याची मोजदाद कुठे आहे? आक्षेप खरा आहे. वाशीमच्या पद्मतीर्थात स्नान केलं आणि राजाचं कुष्ठ गेलं, कारंज्याच्या तळ्यात करंज ऋषींची व्याधी फिटली, या कथा इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनीही टिपून ठेवल्या. ज्याचा रोग गेला त्याचं नाव राहिलं. ज्यांचा गेला नाही ते कोणत्याच कथेत नाहीत. औषधाचा हिशेब कागदावर यायलाच हवा होता. वाद फक्त तो कागद कोणासाठी लिहिला गेला, एवढ्याचाच आहे.

सुरुवातीला तो रोग्यासाठी होता. सरकारी दवाखान्यात रिकामी बाटली घरून न्यायची, कंपाउंडर तीत मिक्श्चर भरून द्यायचा आणि बाटलीच्या अंगावर कातरीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही सकाळी किती आणि संध्याकाळी किती हे बोट ठेवून कळे. क्विनाइनच्या एक-एक पैशाच्या पुड्या १८९२ साली बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून विकायला निघाल्या आणि ती पद्धत पुढे इतर प्रांतांत पसरली. एका वेळी किती घ्यायचं हे पुडीच्या आकारानेच ठरवून टाकलं होतं. कानात गुणगुण सुरू झाली, डोकं गरगरलं की क्विनाइन जास्त झालं, ही खूणही ऐकून ऐकून पसरण्याजोगी सोपी होती.

मग कायदा आला, आणि तो यायलाच हवा होता. नकली आणि कमअस्सल औषधांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा रा. ना. चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये देशभर चौकशी केली. त्यातून १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम निघाले. ‘शेड्यूल एच’मधली औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं ठरलं. पाकिटावरचा तो मजकूर नीट वाचा: तो दुकानदाराला बजावतो, घेणाऱ्याला काही सांगत नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ यादीतल्या औषधांची नोंदवही दुकानदाराने ३ वर्षं ठेवायची. हा हुकूमही दुकानदारालाच. आणि डबीतली ती घडीघडीची चिठ्ठी, जिच्यावर दुष्परिणाम असतात, ती इंग्रजीतच असावी असं नियमांच्या ‘शेड्यूल डी-२’मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. ती डॉक्टरसाठी आहे. गोळी ज्याच्या पोटात जाते तो या सगळ्या पत्रव्यवहारात कुठेच नाही.

याच जिल्ह्यात, याच माणसाच्या घरात, कपाशी-सोयाबीनवरच्या फवारणीचा डबाही असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे त्याच्या माहितीपत्रकात प्रादेशिक भाषा हवीच, आणि डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा चौकोन हवा. म्हणजे अळीच्या औषधाचं पथ्य मराठीत आणि माणसाच्या औषधाचं इंग्रजीत. लगेच उत्तर येईल: २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेलीच ना, मराठी कागदाने काय वाचवलं? नुसता कागद वाचवत नाही, हे कबूल. पोहरादेवीच्या परिसरात घरात गोरमाटी बोलतात, कारंजा-मंगरूळपीरला कितीतरी घरांत उर्दू वाचतात. मराठी छापलं तरी ते सगळ्यांपर्यंत पोहोचेलच असं नाही. म्हणूनच छापील कागदाला तोंडी सांगणं जोडायला हवं.

दुष्परिणाम सांगितले तर रोगी घाबरून औषध सोडेल, ही डॉक्टरांची धास्ती अगदीच खोटी नाही. पण न सांगताही तो सोडतोच. स्टेरॉइडची गोळी महिनोन्‌महिने घेऊन एका दिवसात बंद केली तर जिवावर बेतू शकतं, हे न सांगण्यात कसली दया? आणि पथ्याच्या भाषेत सांगितलेली गोष्ट इथे माणूस पाळतो. बिब्ब्याला दूध लागतं; टेट्रासायक्लिनला दूध चालत नाही, कारण दुधातलं कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात पुरतं उतरत नाही. लोहाच्या गोळीवर चहा नको. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू नको. दुखण्याच्या गोळ्या रोज मनाने नकोत, मूत्रपिंडावर येतं. आंबट-तेलकटाच्या जागी एवढं सांगायला अर्धा मिनिटही लागत नाही.

२०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रोग्याला औषधाबद्दल समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम ठरवलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी मेडिकलच्या दुकानात पाकीट हाती आलं की पैसे देण्याआधी तोच जुना प्रश्न गोळीवर बोट ठेवून विचारा: हिचं पथ्य काय?